उष्टी कोणी काढायची?



गुरुचरित्राचा अडतिसावा अध्याय पारायणाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. गाणगापुरात श्रीगुरूंना भिक्षा घालावी म्हणून भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण येतो. तिघाचौघांपुरता शिधा फडक्यात बांधून आणलेला. पण रोज कोणीतरी धनवान भक्त समाराधना घालतो, भास्करही तिथेच जेवतो, आणि रात्री ते गाठोडं उशाशी घेऊन झोपतो. असे तीन महिने जातात. लोक त्याची टिंगल करतात. मग श्रीगुरूच म्हणतात, उद्या तू स्वयंपाक कर. त्या एवढ्याशा अन्नावर श्रीगुरूंचं वस्त्र झाकलं जातं आणि चार हजार माणसं जेवून उठतात.

आपण सगळे त्या चार हजारांच्या आकड्यापाशी थांबतो. कथा मात्र थोडी पुढे जाते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर भास्कर जेवतो, बघतो तर अन्न होतं तेवढंच आहे. आणि ते उरलेलं अन्न पाण्यात जलचरांना घालण्याची आज्ञा होते. म्हणजे भंडारा माणसांपाशी संपला नाही, तो माशांपर्यंत गेला.

मी बोईसरला नोकरीच्या निमित्ताने आलो आणि इथलाच झालो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी हयात गेली. पारायणात हा अध्याय आला की अलीकडे माझं मन शेवटच्या त्या जलचरांपाशी अडतं. कारण आपल्या भंडाऱ्याचं काय माशांपर्यंत पोचतं ते इथे राहून बघायला मिळतं. दत्तजयंतीला पालघरपासून डहाणूपर्यंत किती ठिकाणी महाप्रसाद होतो बघा. कॉलन्यांतून, चाळींतून, कारखान्यांच्या गेटवर, रिक्षा स्टँडवर. घेवड्याची भाजी, वरण-भात, बुंदी. अन्न बहुतेक संपतं, लोक ते वाया जाऊ देत नाहीत. उरतात त्या चंदेरी पत्रावळी, पाण्याचे ग्लास, चमचे, द्रोण, आणि घरी प्रसाद न्यायला दिलेल्या पातळ पिशव्या. रात्री थोडंफार गोळा होतं. बाकीचं वाऱ्याने गटारात, गटारातून नाल्यात, आणि पहिल्या मोठ्या पावसाला नाल्यातून खाडीत.

आपली किनारपट्टी लांब नाही. सातपाटी, नवापूर, दांडी, चिंचणी, सगळं तासाभराच्या आत. इथे काही गावांत डोल लावतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून उभं केलेलं पिशवीसारखं जाळं. माशाच्या मागे ते धावत नाही, पाणी जे आणेल ते आत घेतं. पाणी बोंबील आणतं, जवळा आणतं, आणि आता आपण टाकलेलंही आणतं. जाळं ओढलं की आधी प्लास्टिक निवडायचं, मग बोंबील. हे काम होडीवरच्या माणसाने फुकट करायचं, आणि निवडलेलं ठेवायचं कुठे हाही प्रश्न त्याचाच. ते सगळं प्लास्टिक भंडाऱ्यांचं असतं असं मी म्हणत नाही. त्यात आपल्या पंगतीचा वाटा असतो, एवढंच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वस्तू एकदाच वापरून टाकणं हे पाप आहे का?

घाईने हो म्हणू नये. एकदाच वापरून टाकणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली रीत नव्हे. पत्रावळ एकदाचीच. द्रोण एकदाचाच. केळीचं पान एकदाचंच. उलट दुसऱ्याच्या उष्ट्या पानावर जेवू नये हीच शिकवण. त्यात स्वच्छतेचा विचार होता, तसा विटाळाचाही होता, आणि त्या विटाळाने आपल्या समाजाचं किती नुकसान केलं ते इथे सांगत बसत नाही. पण शेकडो वर्षं आपल्या आज्या-पणज्यांनी जेवण झाल्यावर पान उचललं आणि उकिरड्यावर टाकलं. गाईने खाल्लं, उरलं ते कुजलं, चार महिन्यांनी वाडीत खत म्हणून गेलं. त्या टाकण्यात काडीचा दोष नव्हता. ते पळसाचं, कुड्याचं, सागाचं पान होतं. जव्हार-मोखाड्याकडच्या बाया आजही पानांचे गठ्ठे बांधून खाली बाजारात आणतात.

मग झालं काय? हात तोच राहिला आणि हातातली वस्तू बदलली. पान टाकताना जी सहज हालचाल होती त्याच हालचालीने आपण प्लास्टिकचा ग्लास टाकतो. म्हणून आपल्याला टोचत नाही. चोरी करताना टोचतं, खोटं बोलताना टोचतं, पण ग्लास टाकताना काहीच वाटत नाही, कारण ती कृती आपल्या अंगात निर्दोष म्हणून मुरलेली आहे. मला वाटतं या विषयातली खरी अडचण इथे आहे. भल्या, देवभिरू माणसाच्या मनाला जिथे दोष दिसतच नाही, तिथे त्याला पापाची भीती घालून काय उपयोग? उलट तो म्हणेल, चांगल्या कामात कसल्या शंका काढता. आणि ती चंदेरी पत्रावळ तर कागदाचीच दिसते. पुष्कळांना ठाऊक नसतं की त्या कागदावर चमकणारा थर बहुधा प्लास्टिकचाच असतो. पाणी झिरपत नाही ते त्याच्यामुळे, आणि कुजत नाही तेही त्याच्यामुळे.

वायरची पिशवी आठवते का? रंगीत प्लास्टिकच्या वायरी विणून बायका घरी करायच्या. तीही प्लास्टिकच होती. पण एक पिशवी वीस वर्षं बाजार करायची, मूठ तुटली तर दुसरी मूठ विणायची. तेव्हा दोष त्या पदार्थाला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. शेकडो वर्षं टिकणारा पदार्थ दहा मिनिटांच्या कामाला लावायचा, हा हिशेब चुकतोय. स्टोअरमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला तो पटकन दिसतो. दहा मिनिटांच्या कामासाठी कायमचा माल कोणी इश्यू करत नाही.

श्रीदत्तात्रेयांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते भागवताच्या एकादश स्कंधात आहेत. नाथमहाराजांनी ते मराठीत किती रसाळ विस्तारले ते आपण जाणताच. त्यांतला पहिला गुरू पृथ्वी. का? तर ती सहन करते. लोक खणतात, नांगरतात, तुडवतात, तिच्यावर मळ टाकतात, आणि ती आपला धर्म सोडत नाही. प्रवचनात हे ऐकलं की आपण माना डोलावतो आणि क्षमा शिकावी म्हणतो. पण मला त्यात एक कोडं दिसतं. गुरू सहन करतो म्हणून शिष्याने त्याला वाटेल तसं वागवावं का? श्रीगुरूंच्या मठात कोणी घाण केली असती आणि श्रीगुरू काही बोलले नसते, तर त्या न बोलण्याला परवानगी समजायचं का? पृथ्वीला गुरू मानल्यावर तिचं सहन करणं ही आपली सोय राहत नाही. ती आपल्याला शिकवायला सहन करते आहे, आपला कचरा लपवायला नव्हे.

अग्नीचंही तेच. तोही गुरूंमध्ये आहे. पुढ्यात येईल ते खातो आणि स्वतः मलिन होत नाही. ही ओळख इतकी खोल आहे की संध्याकाळी सोसायटीच्या मागे पिशव्यांचा ढीग पेटवताना कोणाला वावगं वाटत नाही, "जाळलं की संपलं." अग्नी मलिन होत नसेल, शेजारच्या खोलीतल्या दम्याच्या म्हातारीचं काय? काही प्लास्टिक जळताना क्लोरीनची विषारी संयुगं हवेत जातात. यज्ञात टाकलं ते देवाला पोचतं आणि पिशव्या पेटवल्या की ते शेजाऱ्याच्या छातीत पोचतं.

आणि समुद्र. पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून उचंबळत नाही, उन्हाळ्यात आटत नाही, मर्यादा सोडत नाही, असा तो गुरू. किनाऱ्यावरची माणसं मात्र आणखी एक गोष्ट सांगतात, की समुद्र कोणाचं काही ठेवून घेत नाही. ते खरं आहे. श्रावणातल्या उधाणानंतर चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन बघा, सगळा हिशेब वाळूवर मांडून ठेवलेला असतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. आमच्या मंडळाच्या बैठकीत प्लास्टिकचा विषय निघाला तेव्हा एक काका ताडकन म्हणाले, "अहो, तारापुरात बसून तुम्ही ग्लास मोजताय?" त्यांचं म्हणणं वरवरचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या सगळ्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वांत वर होता, ९३.६९. इथलं सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जातं, आणि मच्छीमार समाजाच्या संघटनेला त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादात जावं लागलं. ज्या खाडीत रसायनं उतरतात तिथे पत्रावळीचं ते काय? मोठा दोषी मोकळा आणि भाविकाच्या हातातली पिशवी मात्र काढून घ्यायची, हा कुठला न्याय?

मी यावर बरेच दिवस विचार केला. काकांचं अर्धं म्हणणं मला पूर्ण पटतं. मोठ्या प्रदूषणाला जबाबदार असलेल्यांकडून लोकांचं लक्ष उडवण्यासाठी कापडी पिशव्या वाटल्या जात असतील तर ती फसवणूकच आहे, आणि मंडळाने अशा वाटपाचे फोटो छापू नयेत. पण उरलेलं अर्धं पटत नाही. दुसऱ्याचं पाप मोठं आहे म्हणून माझं कर्म माझं राहत नाही, असं आपल्या कोणत्या ग्रंथात आहे? कर्माला वजनकाटा नसतो. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. कारखान्याच्या पाईपविरुद्ध बोलायला दांडी-नवापूरची माणसं उभी राहतात, तेव्हा त्यांच्या बाजूला उभं राहायला आपण जाणार. जाताना आपल्या भंडाऱ्याचे ग्लास त्यांच्या जाळ्यात असतील, तर ते आपल्याला शेजारी म्हणतील का? मोठा झगडा आणि छोटी सवय या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. काका अजून मान्य करत नाहीत, पण यंदा वाढपाला येणार आहेत.

कायद्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो असूनही आपण इथवर आलो आहोत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पिशव्यांनी गटारं तुंबल्याचा बोलबाला झाला, आणि पुढच्या वर्षी राज्याने अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला. त्या कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला मोठी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी पाच हजार दंड, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही ताटं, ग्लास, चमचे, काड्या यांवर बंदी आली. सुरुवातीचे काही महिने बाजारात खरंच पिशवी दिसत नव्हती. मग हळूच टेबलाखालून यायला लागली. आता टेबलावरच असते.

का आली परत? पालघरच्या बाजारात एका मासेवाल्या मावशीला मी विचारलं, मावशी, पिशवी कशाला देता? ती म्हणाली, "नाय दिली तर गिराईक पुढच्या पाटीवर जातं." एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. पिशवी फुकट नसते, तिचे पैसे मावशीच्या कमाईतून जातात. गिऱ्हाइकाला ती फुकट वाटते, होडीवाल्याला ती निवडावी लागते, आणि दंड बसला तर तो पाटीवर बसतो. सुख एकाचं आणि भार तिघांवर. म्हणून मावशीने पिशवी देऊ नये असा उपदेश करायला मला तोंड नाही. डबा नेण्याचं काम माझं आहे. माझ्याकडे घर आहे, घरात डबा आहे, निवृत्तीनंतर वेळही आहे. पाच वाजून काही मिनिटांची गाडी पकडून चर्चगेटला जाणाऱ्या आणि रात्री नऊला उतरून भाजी घेणाऱ्या बाईकडून तीच अपेक्षा तेवढ्याच कडकपणे करू नये. ज्याला सोपं आहे त्याने आधी करावं, हा माझा साधा नियम आहे.

भागवतातल्या त्या कुमारीची गोष्ट इथे मला उपयोगी पडते. पाहुणे आले, ती आत भात कांडायला बसली, बांगड्या वाजू लागल्या. तिने एकेक बांगडी उतरवली. दोन-दोन राहिल्या, तरी आवाज होतच होता. मग एक-एकच ठेवली. अवधूताने त्यातून एकांताचा बोध घेतला, आणि मूळ अर्थ तोच आहे. मी तो थोडा ओढून घेतो, विद्वानांनी क्षमा करावी. तिने सगळ्या बांगड्या एकदम फोडल्या नाहीत. एक काढली, ऐकलं, अजून वाजतंय, दुसरी काढली. आमच्या घरात असंच झालं. आधी बाजाराची पिशवी गेली. मग मासळी-मटणाला डबा. मग प्रवासातली पाण्याची बाटली. दुधाची पिशवी काही सुटली नाही, इथे सुटं दूध मिळत नाही. ती धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देतो. तो जाड पिशवी घेतो. पातळ पिशवी कोणी घेत नाही, कारण किलोभर व्हायला किती गोळा कराव्या लागतील, त्यात त्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. बाजारातल्या कोणत्या पिशव्या सगळ्यांत वाईट हे ठरवायला याहून सोपी कसोटी नाही.

दत्तप्रभूंच्या खांद्यावर झोळी आणि हातात कमंडलू आहे, म्हणजे कापडी पिशवी आणि पाण्याचं भांडं, असं एक चित्र फिरत असतं. चांगल्या हेतूने केलेलं आहे, पण मला ते जरा सोपं वाटतं. झोळी ही बाजाराची थैली नव्हे. किती घ्यायचं याची ती मर्यादा आहे. मधमाशीने फुलाला न दुखवता थोडं थोडं घ्यावं, आणि भिक्षूने हाताचंच पात्र आणि पोटाचंच कोठार करावं, असं अवधूत सांगतात. आपण कापडी पिशव्या सतरा जमवल्या आणि दाराला टांगून ठेवल्या तर त्याला झोळी म्हणता येणार नाही.

आता पंगतीचं. प्लास्टिक बंद करायचं ठरलं तेव्हा मंडळात तीन मतं पडली. पहिलं, प्रत्येकाने घरून ताट-पेला आणावा. ऐकायला छान. पण भंडाऱ्याला येणारा प्रत्येक जण घरून येत नाही. ठेकेदाराकडचे परप्रांतीय मजूर येतात, स्टेशनवर झोपणारे येतात, शिफ्ट सुटल्यावर सरळ येणारे कामगार येतात. त्यांना "ताट कुठाय?" विचारायचं? महाप्रसादाच्या दारात असा प्रश्न उभा राहिला तर तो महाप्रसाद राहत नाही. हे मत आम्ही सोडलं. ज्यांना आणायचं त्यांनी आणावं एवढंच ठेवलं. दुसरं मत, पानांच्या पत्रावळी. त्या घेतो आहोत, पण आमच्या संख्येला पुरतील एवढ्या एका वेळी मिळत नाहीत, आणि मिळाव्यात म्हणून बायांच्या मागे भावासाठी घासाघीस करणं शोभत नाही. यंत्राच्या पत्रावळीचा भाव सांगून हाताच्या पत्रावळीची किंमत पाडायची आणि वर निसर्गाचं नाव घ्यायचं, हे मला तरी बघवलं नाही.

तिसरं मत स्टीलच्या ताटांचं. मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात. सगळ्यांना पटलं. ठराव होणार एवढ्यात मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, "धुणार कोण?"

बैठक गप्प झाली. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पुरुषांनी ठराव करायचा, फोटोत यायचं, आणि मोरीवर बायकांनी बसायचं. प्लास्टिकच्या ताटाने बाईचे हात रात्री अकराच्या गार पाण्यातून सोडवले होते, हे कोणी बोलत नाही. पर्यावरणाच्या नावाने ते काम पुन्हा तिच्याच अंगावर टाकलं तर आपण पृथ्वीवरचा भार उचलून एका बाईच्या पाठीवर ठेवला, दुसरं काही केलं नाही. एकदाच वापरायच्या वस्तूमागे नेहमी कोणाचं तरी टळलेलं काम असतं. ती वस्तू काढून टाकायची तर त्या कामाची वाटणी आधी करायला हवी.

आणि हे काम हलकं आहे असं आपल्या परंपरेत कुठे म्हटलंय? धर्मराजाच्या राजसूय यज्ञात प्रत्यक्ष श्रीकृष्णाने उष्टी काढली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने कावडीने पाणी वाहिलं म्हणतात. सेवा म्हटलं की आपल्यासमोर पालखीला खांदा, आरतीचं ताट, फार तर वाढप येतं. उष्टी काढणं त्या यादीतून कधी गळलं कळलंच नाही. मला वाटतं फेकायची पत्रावळ आली तेव्हा गळलं. दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावायची गरजच उरली नाही, आणि त्याबरोबर पंगतीत कोण जेवलं, कोणी काय टाकलं, कोणाला भात पुरला नाही, हे बघणारा माणूसही उरला नाही. ताट धुणाऱ्याला ते सगळं कळतं.

तर यंदाची व्यवस्था अशी आहे. ताटं-वाट्या तीनशे, पेले तीनशे, भाड्याने. पंगती होतील तशा धुऊन पुन्हा लावायच्या, म्हणून दोन पंगतींत वीस मिनिटांचं अंतर राहील. तेवढा वेळ भजन चालेल. मंडपामागे चार टाक्या मांडल्या आहेत. खरकटं काढायची, चिंचेच्या पाण्याची, साध्या पाण्याची, आणि शेवटची गरम पाण्याची. खरकटं गोठ्यावर जाईल, तिथे बोलणं झालं आहे. आजारी माणसासाठी प्रसाद न्यायचा असेल तर डबा आणावा. नसेल तर सागाच्या पानात बांधून मिळेल, वरण मात्र मिळणार नाही. धुण्याच्या पाळीला पहिल्या दिवशी अकरा नावं आली, त्यांत पुरुष चार. मंडळाचे अध्यक्ष दुसऱ्या पाळीत आहेत. तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्री साडेनऊनंतर, अजून सहा माणसं कमी पडतात. नाव आरतीनंतर माझ्याकडे किंवा पुस्तकांच्या टेबलावर द्यावं.